मियाटाच्या इंजिनामागून ऑइल गळतंय? गिअरबॉक्स उतरवायच्या आधी ही रबरी रिंग बघा

गाडीखाली ऑइलचा डाग दिसला की पोटात गोळा येतो, त्यात गाडी तीस वर्षांची असेल तर विचारूच नका. माझी १९९५ ची माझदा मियाटा आहे, १.८ लिटरची, इकडे न्यू जर्सीत सेकंडहँड घेतली, सव्वा लाख मैल झालेली, आणि घेतल्यावर दुसऱ्याच महिन्यात पार्किंगच्या फरशीवर बरोबर इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडलेत त्या जागेखाली रोज सकाळी रुपयाएवढा डाग पडायला लागला. एका गॅरेजमध्ये दाखवली तर खालून टॉर्च मारून दोन मिनिटांत निकाल, क्रँकचं (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचं) मागचं ऑइल सील गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल, हजार डॉलरच्या वर जाईल. मी गाडी घरी घेऊन आलो आणि दोन शनिवार घालवून स्वतः शोधलं, तर ऑइल येत होतं पार वरून, हेडच्या (इंजिनाच्या वरच्या भागाच्या) मागच्या टोकाला एक सेन्सर असतो त्याच्या ओ-रिंगमधून. रिंग काही डॉलरची, काम एका दुपारचं. रोग रेड्याला आणि औषध पखालीला असा प्रकार होता सगळा.

ज्यांनी आजवर गाडीला स्वतः हात लावलेला नाही, पण शिकायची मनापासून इच्छा आहे अशा लोकांसाठी हे सगळं सविस्तर लिहितोय. हे काम पहिलं काम म्हणून खरंच चांगलं आहे कारण गाडीखाली फार जावं लागत नाही, इंजिन ऑइल काढावं लागत नाही (गळती ऑइलच्या पातळीच्या खूप वर आहे), आणि एक गोष्ट नीट सांभाळली तर चुकायला फारशी जागा नाही. ती एक गोष्ट म्हणजे टायमिंग, म्हणजे स्पार्क प्लगची ठिणगी नेमकी कधी पडते ते, त्यावर पुढे येतोच.

आधी कुठली गाडी ते बघू. ही गाडी १९८९ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या ऑटो शोमध्ये पहिल्यांदा लोकांसमोर आली, अमेरिकेत नाव मियाटा, जपानात युनोस रोडस्टर, युरोपात एमएक्स-५, गाडी एकच. पहिल्या पिढीत, म्हणजे वर उघडणारे हेडलाइट होते त्या १९९७ पर्यंतच्या गाड्यांत, सुरुवातीला १.६ लिटरचं इंजिन आणि १९९४ च्या मॉडेलपासून १.८ चं. दोन्हीत हा सेन्सर हेडच्या मागच्या टोकालाच आहे. दुसऱ्या पिढीत हा सेन्सर असा नसतो, त्यामुळे ज्यांची गाडी त्यानंतरची आहे त्यांनी खालचा टॅपेट कव्हरचा (हेडच्या वरच्या झाकणाचा) भाग तेवढा वाचावा. भारतात ही गाडी कंपनीने कधी विकली नाही, पण पुण्या-मुंबईत ज्यांच्याकडे जुनी जिप्सी किंवा एस्टीम जपून ठेवलेली आहे त्यांनीही वाचायला हरकत नाही कारण त्यांच्या डिस्ट्रिब्युटरलाही (स्पार्क प्लगना वीज वाटून देणारा भाग) हेडच्या टोकाला अशीच ओ-रिंग असते आणि ती म्हातारी झाली की असंच ऑइल सोडते.

आता हे ऑइल मागून का गळतं. या इंजिनाचं मूळ माझदाच्या ३२३ मध्ये आहे, ती पुढच्या चाकांवर चालणारी साधी फॅमिली गाडी, तिच्यात इंजिन आडवं बसायचं. मियाटा मागच्या चाकांवर चालते म्हणून तेच इंजिन उभं फिरवून बसवलं, त्यामुळे आधी जे टोक एका बाजूला मोकळं होतं ते इथे फायरवॉलला (इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीला) जाऊन भिडलं. कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा फिरता दांडा, थोडक्यात कॅम) कुठल्या कोनात आहे हे कॉम्प्युटरला सांगणारा कॅम अँगल सेन्सर (सगळे त्याला सीएएस म्हणतात) नेमका त्याच टोकाला. हा सेन्सर म्हणजे मुठीएवढा गोल तुकडा, त्याची दांडी हेडच्या भोकात शिरते आणि कॅमच्या खाचेत अडकून कॅमबरोबर फिरते, आणि आतलं ऑइल बाहेर येऊ नये म्हणून त्या दांडीच्या गळ्यात एक ओ-रिंग. तिथे वारा लागत नाही, कायम इंजिनाची धग, आणि रबर तीस वर्षं त्या धगीत राहिलं की कडक होतं, चपटं होतं, ऑइल पाझरायला लागतं. ते ऑइल हेडच्या मागच्या भिंतीवरून खाली, वाटेत हीटरच्या पाइपांवर, तिथून बेल हाउसिंगवर (इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधलं कवच), आणि तिच्या बुडातून थेंब. खालून बघणाऱ्याला फक्त शेवटचा थेंब दिसतो, आणि तो नेमका तिथेच असतो जिथे क्रँकच्या सीलचा थेंब असता.

शोध कसा घ्यायचा, हाच खरा अर्धा कामाचा भाग

पार्ट मागवायची घाई करू नका. ऑइल नेहमी खाली येतं आणि गाडी चालताना मागे उडतं, म्हणून जिथे ओलं दिसतं तिथून वर आणि पुढे बघत जायचं आणि जिथे वरची जागा कोरडी लागेल तिथे थांबायचं, गळती तिथेच.

पण चिकट घाणीवर काहीच कळत नाही. पहिल्या दिवशी इंजिन थंड असताना मागचा भाग डिग्रीजर मारून ब्रशने घासून धुवून घ्या, विजेचे कनेक्टर आणि कॉइल प्लास्टिकच्या पिशवीने झाका, पाण्याचा जोर हळू ठेवा, प्रेशर वॉशर अजिबात नको. वाळू द्या. मग वीसेक मैल गाडी चालवा आणि परत आल्यावर इंजिन कोमट असताना बघा. तिथे डोकं घालायला जागाच नाही, म्हणून फोनचा व्हिडिओ चालू करून फोन हेडच्या मागे हळूच खाली सोडायचा आणि मग आत बसून निवांत बघायचं, किंवा दाताच्या डॉक्टरकडे असतो तसा दांडीचा छोटा आरसा मिळतो तो आणि टॉर्च. माझ्या व्हिडिओत सेन्सरच्या बुडाशी जिथे तो हेडला टेकतो तिथे एक चमकणारी ओली कड होती, आणि तिथून बोटभर रुंदीचा ओघळ सरळ खाली हीटरच्या पाइपावर गेलेला, त्याच्या दोन्ही बाजूंचं ॲल्युमिनियम अगदी कोरडं आणि स्वच्छ. तो ओघळ बघितल्यावर मला पुढे काही शंकाच राहिली नाही.

इतकं स्पष्ट दिसलं नाही तर ऑइलमध्ये टाकायचा चमकणारा रंग मिळतो, यूव्ही डाय, तो टाकून गाडी चालवायची आणि अंधारात यूव्ही टॉर्च मारायची, गळतीची वाट पिवळी-हिरवी चमकते. दुसरा जुना उपाय पावडरचा, पायाला मारायची स्प्रेवाली पावडर स्वच्छ केलेल्या जागेवर मारा, पांढऱ्यावर ऑइलचा पहिला ओलावा लगेच काळपट दिसतो.

एक लक्षात ठेवा, सेन्सरच्या वरच टॅपेट कव्हर आहे (अमेरिकेत व्हॉल्व्ह कव्हर म्हणतात, आपल्याकडचे मिस्त्री टॅपेट कव्हर म्हणतात, मी पण तेच म्हणणार). त्याच्या पॅकिंगचा मागचा कोपरा गळत असेल तरी ऑइल सेन्सरवरूनच खाली जातं. म्हणून सेन्सरचं डोकं वरून ओलं आहे की फक्त बूड ओलं आहे हे बघा. वरून ओलं असेल तर कव्हर गळतंय. आणि स्पार्क प्लगच्या वायर ओढून प्लगच्या विहिरीत (प्लग जिथे खोल बसतो त्या खड्ड्यात) टॉर्च मारा, आत ऑइल साचलेलं दिसलं तर कव्हरचं पॅकिंग गेलेलंच आहे, मग दोन्ही कामं एका बैठकीत करा. माझं दोन्ही होतं, जास्त गळती सेन्सरची आणि दोन नंबरच्या विहिरीत थोडं ऑइल.

आणि सेन्सर, कव्हर सगळं कोरडं असूनही बेल हाउसिंग ओली येत असेल तर मग मात्र ते क्रँकचं सील असू शकतं, तेव्हा गिअरबॉक्स उतरवायची गोष्ट करायची.

सामान

पार्ट मागवताना गाडीचा व्हिन नंबर (प्रत्येक गाडीचा वेगळा ओळख क्रमांक) देऊन माझदाच्या डीलरकडून ओ-रिंग घ्या, किंवा मियाटाचेच पार्ट विकणाऱ्या दुकानांतून व्हायटॉनची घ्या. व्हायटॉन साध्या रबरापेक्षा उष्णता खूप जास्त सहन करतं, तिथे तेच पाहिजे. हार्डवेअरच्या दुकानातली मापाला जुळणारी प्लंबिंगची रिंग घालू नका, ती पाण्यासाठी असते, गरम ऑइलमध्ये टिकत नाही. दोन रिंगा मागवा, एखादी बसवताना कापली गेली तर काम अडायला नको.

टॅपेट कव्हर करणार असाल तर त्याचं पॅकिंग, सेन्सर-सेफ लिहिलेलं सिलिकॉन सीलंट, आणि पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनाच्या पोटातला दाब बाहेर सोडणारा). पाने १० मिमीचा आणि १२ मिमीचा, दोन्ही सॉकेट आणि रिंग पाना अशा जोडीने, पाऊण फुटाचं एक्स्टेन्शन, इंच-पाउंड दाखवणारा छोटा टॉर्क रेंच (बोल्ट किती जोराने आवळला ते दाखवणारा पाना), टायमिंग लाइट (ठिणगीबरोबर चमकणारा दिवा), भरपूर जुने सुती फडके, लाकडी टूथपिक, पांढरा पेंट मार्कर. टॉर्क रेंच आणि टायमिंग लाइट रोज लागणाऱ्या वस्तू नाहीत, अमेरिकेत ऑटो पार्ट्सच्या मोठ्या दुकानांतून बरीच अवजारं डिपॉझिट भरून घरी नेता येतात, परत दिली की डिपॉझिट परत. अपार्टमेंटमध्ये राहत असाल तर आधी लीज वाचा, पार्किंगमध्ये गाडीचं काम करायला बऱ्याच ठिकाणी बंदी असते, मी पण एका मित्राच्या घरच्या गॅरेजात केलं.

काम सुरू करायच्या आधी टायमिंग मोजून ठेवा

ही पायरी लोक गाळतात आणि मग रडतात. सेन्सर ज्या कोनात घट्ट केलाय त्यावरच इंजिनाचं इग्निशन टायमिंग ठरतं. सेन्सरचा कान लांबट खाचेचा असतो, एकाच १२ च्या बोल्टवर, बोल्ट सैल केला की सेन्सर थोडा डावी-उजवीकडे फिरतो, आणि फिरला की टायमिंग बदललं. कंपनीचं टायमिंग १० अंश आहे, पण या गाड्यांचे मालक थोडी चपळाई यावी म्हणून ते १४ पर्यंत पुढे नेऊन ठेवतात हे फार कॉमन आहे, म्हणजे तुमच्या आधीच्या मालकाने काय करून ठेवलंय ते तुम्हाला माहीत असायला हवं.

इंजिन पूर्ण गरम करा, एसी, दिवे, रेडिओ बंद. बोनेटखाली डाव्या बाजूला झाकणाचा छोटा काळा डबा आहे, त्याच्या झाकणाच्या आत कुठला पॉइंट कुठला ते छापलेलं असतं, त्यातले टीईएन आणि जीएनडी हे दोन पॉइंट वायरच्या तुकड्याने जोडा, म्हणजे कॉम्प्युटर टायमिंगमध्ये ढवळाढवळ करत नाही. आयडल, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिनाचे मिनिटाला फेरे, ८५० च्या आसपास पाहिजे. टायमिंग लाइटचा चिमटा एक नंबरच्या प्लग वायरला, एक नंबर म्हणजे सगळ्यात पुढचा, आणि पुढच्या पुलीवर लाइट मारा, पुलीवरची खाच आणि प्लास्टिक कव्हरवरचे आकडे बघा. खाच दिसत नसेल तर इंजिन बंद करून फडक्याने पुसून तिच्यात पांढरा पेंट भरा. जो आकडा येईल तो कागदावर लिहून ठेवा, मग ती वायर काढून टाका.

हे करताना गॅरेजचं दार पूर्ण उघडं ठेवा, बंद जागेत चालू इंजिन म्हणजे जिवाशी खेळ. बाह्या वर करा, गळ्यातली चेन काढा, आणि रेडिएटरचे पंखे विजेवर आहेत, ते कधीही अचानक सुरू होतात, बोटं लांब.

नंतर गाडी निदान तीन तास थंड होऊ द्या. शक्यतो रात्रभर.

सेन्सर काढताना

बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा. मियाटाची बॅटरी बोनेटखाली नाही, डिकीत उजव्या कोपऱ्यात आहे, नवीन माणूस दहा मिनिटं पुढे शोधत बसतो म्हणून सांगितलं.

हेडच्या मागे सेन्सरच्या शेजारी इग्निशन कॉइलची जोडी (स्पार्क प्लगना वीज देणारी) आहे. काही लोक कॉइल न काढता हात घालून काम करतात, पण पहिल्यांदा करताय तर कॉइल काढून घ्या, जागा दुप्पट होते. त्याआधी फोटो काढा, आणि चारही प्लग वायरवर टेपचा तुकडा लावून १, २, ३, ४ असं लिहा. वायर ओढताना रबरी टोपीला धरून थोडी पिळून ओढा, वायरला धरून नाही. कॉइलचे खालचे बोल्ट दिसत नाहीत, बोटाने चाचपून पाना लावावा लागतो, तिथे घाई केली की बोल्ट पडतो आणि बेल हाउसिंगच्या वर जाऊन बसतो. खाली फडका अंथरून ठेवा. मी नव्हता अंथरला, आणि एक बोल्ट शोधण्यात माझे चाळीस मिनिटं गेले, शेवटी चुंबकाच्या दांडीने मिळाला.

आता सगळ्यात महत्त्वाची खूण. सेन्सरचा कान आणि हेड दोन्हीवर मिळून एक सरळ रेघ मारायची, ऑइल पुसून जागा पूर्ण कोरडी करून, पेंट मार्करने, आणि जमलं तर त्याच रेघेवर टोकदार खिळ्याने बारीक ओरखडा पण काढा कारण पेंट क्लीनरने पुसला जातो. रेघ बारीक पाहिजे. बोटाएवढी जाड रेघ मारली तर तिचा काही उपयोग नाही, दोन-चार अंश तिच्यातच हरवतात.

सेन्सरचा विजेचा प्लग काढा, क्लिप जुनी असते, दाबून धरा आणि मग ओढा, प्लास्टिक तडकतं. १२ चा बोल्ट सोडा. पाना एका वेळी थोडासाच फिरतो, धीर धरा. बोल्ट निघाला तरी सेन्सर लगेच निघत नाही, जुन्या रिंगने तो धरून ठेवलेला असतो. त्याला डावीकडे-उजवीकडे हलकं फिरवत मागे ओढा. स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नका, हेड ॲल्युमिनियमचं आहे, ओरखडा पडला की नवीन रिंग घालूनही तिथून गळणार. ओढताना चमचाभर ऑइल बाहेर येतं, खाली फडका आहेच.

माझी जुनी रिंग मी टूथपिकने उचलली तर ती रिंग राहिलीच नव्हती, गोल कापाची असायला हवी ती बाहेरून चपटी झाली होती, काळी चकचकीत, आणि बोटांत धरून जरा वाकवली तर टचकन तुटली, काचेच्या बांगडीसारखी. नवीन रिंग शेजारी ठेवली तर ती मऊ, दाबली की परत फुगते. तो फरक एकदा हातात घेतला की ऑइल का गळत होतं हे कोणी समजावून सांगायची गरजच पडत नाही.

साफसफाई आणि नवीन रिंग

रिंगची खाच टूथपिक आणि फडक्याने स्वच्छ करा, जुन्या रबराचा एक कणही नको. हेडचं भोक आतून पुसताना फडका बोटाला गुंडाळून बाहेरच्या दिशेने पुसा, कचरा आत ढकलायचा नाही, तिथून तो सरळ इंजिनात जातो. सँडपेपर नको. ब्रेक क्लीनर फडक्यावर घेऊन वापरा, तिथे फवारू नका.

नवीन रिंग इंजिन ऑइलमध्ये बुडवून ओली करून खाचेत बसवा, पीळ पडलेला नाही ना ते गोल फिरवून बघा. कोरडी रिंग घातली तर भोकाच्या कडेला अडून कापली जाते. आणि रिंगला सिलिकॉन लावू नका, मला माहितीय हात शिवशिवतो "थोडं लावू, जास्त पक्कं होईल" म्हणून, पण त्याची गरज नाही आणि आत गेलेला सिलिकॉनचा तुकडा ऑइलच्या वाटेत जाऊन बसतो.

सेन्सरच्या दांडीच्या टोकाला दोन दात आहेत, ते कॅमच्या खाचेत बसतात, आणि ते मधोमध नसून किंचित एका बाजूला आहेत म्हणजे एकाच पद्धतीने बसतात. दात बोटाने फिरवून साधारण खाचेच्या दिशेला आणा, सेन्सर आत ढकला, बसत नसेल तर हलकं फिरवत राहा. दात बसले की सेन्सर शेवटच्या थोड्या अंतरात रिंगच्या विरोधाने जरा जड जातो आणि मग पूर्ण टेकतो. फट राहिली असेल आणि तुम्ही बोल्ट आवळून ती मिटवायला गेलात तर दात तुटतील, म्हणजे दात उलटे आहेत, बाहेर काढा, अर्धा फेरा फिरवा, परत घाला. टेकला की रेघेला रेघ जुळवा आणि बोल्ट हाताने आवळून पान्याने बेताचा घट्ट करा, टायमिंग बघून झाल्यावर पूर्ण आवळायचा आहे.

टॅपेट कव्हर पण करायचं असेल तर

हे सेन्सर लावायच्या आधी केलं तर बरं. कव्हरला लागलेल्या दोन्ही नळ्या काढा, वायरच्या क्लिपा सोडा, मग १० चे बोल्ट, बाहेरून आत थोडे थोडे सैल करत. कव्हर चिकटलेलं असतं, रबरी हातोडीने कडेला टकटक केलं की सुटतं. बोल्ट काढण्याआधी वरची सगळी धूळ पुसून घ्या कारण कव्हर निघालं की खाली उघडे कॅम आहेत, तिथे पडलेली माती तिथेच राहते. प्लगच्या विहिरीतलं ऑइल फडक्याने टिपून घ्या, नाहीतर प्लग काढताना ते सिलिंडरमध्ये जातं.

नवीन पॅकिंग कव्हरच्या खाचेत नीट दाबून बसवा. सिलिकॉन फक्त कोपऱ्यांत, पुढच्या आणि मागच्या कॅम कॅप जिथे हेडला मिळतात तिथे जी पायरी तयार होते तिच्यात तुरीच्या डाळीएवढा ठिपका, बस. सगळ्या पॅकिंगला गोल लावत बसू नका.

आवळताना मधून बाहेर, गोल गोल, दोन-तीन फेऱ्यांत. टॉर्क ४३ ते ७८ इंच-पाउंड, परत वाचा, इंच-पाउंड, फूट-पाउंड नाही. १२ इंच-पाउंड म्हणजे १ फूट-पाउंड, त्यामुळे मोठा रेंच घेऊन ४३ चा आकडा लावला तर बारापट जोर जाणार आणि बोल्ट तुटणार किंवा हेडमधले आटे जाणार, आणि ॲल्युमिनियममधले आटे गेले की एका दुपारच्या कामाचा आठवडा होतो. टॉर्क रेंच नसेल तर छोटा रॅचेट त्याच्या डोक्याजवळ धरून दोन बोटांच्या जोराने, पॅकिंग दबल्यासारखं लागलं की थांबा. ऑइल गळतंय म्हणून कचकून आवळणं हीच सगळ्यात मोठी चूक आहे, जास्त आवळलं की कव्हर वाकतं आणि अजून गळतं.

पीसीव्ही व्हॉल्व्ह काढून कानाजवळ हलवा, खडखड आवाज आला पाहिजे. नाही आला तर बदला. तो तुंबला की इंजिनाच्या पोटातला दाब बाहेर जायला वाट मिळत नाही आणि मग तो सगळ्या सील-पॅकिंगमधून ऑइल बाहेर ढकलतो, नवीन रिंगसुद्धा त्याच्यापुढे किती दिवस टिकणार.

प्लग परत लावताना आधी हाताने आटे धरू द्या, मग ११ ते १७ फूट-पाउंड. सिलिकॉन लावलं असेल तर पाकिटावर लिहिलंय तेवढा वेळ वाळू द्या, मी रात्रभर ठेवलं.

हीटरचे पाइप

बोनेट उघडंच आहे तर फायरवॉलजवळचे हीटरचे दोन रबरी पाइप दाबून बघा. वर्षानुवर्षं ऑइलमध्ये भिजलेलं रबर फुगतं आणि भाकरीच्या पिठासारखं मऊ पडतं. तसं लागलं तर लगेच नाही पण येत्या महिन्या-दोन महिन्यांत नक्की बदला, तो पाइप रस्त्यात फुटला तर सगळं कूलंट जातं, इंजिन तापतं, आणि मग हेड गॅस्केटचं (हेडखालच्या पॅकिंगचं) काम.

परत सुरू करताना

कॉइल, वायर नंबरप्रमाणे, सेन्सरचा प्लग, नळ्या, सगळं जागेवर, फोटोशी ताडून बघा. मागे फडका राहिलेला नाही ना ते बघा, मी मोजून नेतो आणि मोजून काढतो. मग बॅटरी जोडा. गाडी सुरू झाली नाही तर घाबरू नका, बहुतेक वेळा सेन्सरचा प्लग पूर्ण बसलेला नसतो, क्लिकचा आवाज आला पाहिजे. सुरू झाली पण थरथरत असेल तर दोन प्लग वायरची अदलाबदल झालीय.

इंजिन गरम झाल्यावर टीईएन आणि जीएनडी परत जोडा आणि टायमिंग लाइट मारा. कागदावर लिहिलेला आकडा आला पाहिजे. नाही आला तर सेन्सर किंचित फिरवायचा, किंचित म्हणजे केसभर, आणि परत बघायचं, खाच कुठल्या दिशेला सरकते ते लाइटमध्ये लगेच दिसतं. पेट्रोल साधं ८७ ऑक्टेनचं टाकत असाल तर माझं मत विचाराल तर सरळ १० वर ठेवा, आधीच्या मालकाचे १४ त्याच्यापाशी. आकडा जुळला की १२ चा बोल्ट पूर्ण आवळा आणि आवळल्यावर परत एकदा लाइट मारा, कारण आवळताना सेन्सर हमखास थोडा सरकतो. माझा दोनदा सरकला, तिसऱ्यांदा डाव्या हाताने सेन्सर धरून आवळला तेव्हा जमलं. मग ती वायर काढायची विसरू नका.

पहिले दोन-तीन दिवस गरम इंजिनाचा जळकट वास येईल, बेल हाउसिंग आणि एक्झॉस्टवर सांडलेलं जुनं ऑइल जळत असतं, ते जातं. ऑइलची काडी दर दोन दिवसांनी बघा. ऑइलचे फडके गोळा करून कोपऱ्यात ढीग करून ठेवू नका, पसरून वाळवा आणि तुमच्या गावच्या घातक कचऱ्याच्या दिवशी द्या.

रात्री गाडीखाली स्वच्छ पुठ्ठा घाला आणि त्याच्यावर मार्करने पुढच्या चाकांची जागा आखून ठेवा, म्हणजे डाग पडला तर तो नेमका कशाखाली पडला हे सकाळी कळतं. पहिल्या आठवड्यात एखाद-दुसरा थेंब पडेलच कारण बेल हाउसिंगच्या खोबणीत जुनं ऑइल साठलेलं असतं, तो दर दिवशी लहान होत गेला पाहिजे. माझ्या पुठ्ठ्यावर पहिल्या सकाळी तीन थेंब होते, चौथ्या दिवशी एक, दहाव्या दिवशी पुठ्ठा कोरडा. तुमचा लहान होत नसेल तर फोन परत हेडच्या मागे सोडा आणि आधी टॅपेट कव्हरचे मागचे दोन कोपरे बघा.